शेवटच्या दिवसात सेवेत टिकून कसं राहाचं? (यवतमाळकडची छोटी मंडळी)

पराटीवाला_सेवक
जय मसीह सगळ्यायले. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सेवा करतो, पूर्णवेळ नाही, थोडी कोरडवाहू शेती आहे, पराटी म्हणजे कापूस, अन् तूर. रविवारी आमच्याच छपरीत आराधना होते. अडचण अशी आहे का लोकं मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून पार भेदरून गेले, कुठं युद्ध झालं, कुठं भूकंप झाला का लगेच मेसेज येते का आता याच वर्षी प्रभू येते. एका घरानं तर यंदा बियाणंच नाही घेतलं, म्हणे कापूस निघेलोक आपण इथं राहातच नाही. एक आजी राशनच्या दुकानात मशीनवर अंगठाच नाही लावून राह्यली, तिले कोणंतरी सांगतलं का हेच ते 666, म्हणजे शेवटच्या दिवसातल्या श्वापदाची, देवाच्या वैऱ्याची खूण, धान्य तसंच पडून आहे अन् सुनेसंग रोज कटकट. बाहेरून एक वक्ता येते, तो तारखा सांगते, त्याच्या सभेले मांडव भरते, अन् माह्या छपरीत वेचणीच्या दिवसात चार बाया अन् लेकरं. मले म्हणतात तुम्ही काहून नाही सांगत आगमनाचं? माहा प्रभूच्या येण्यावर पक्का विश्वास आहे. पण मन थकून राह्यलं. अशा टायमाले विश्वासू राहणं म्हणजे नेमकं काय करणं, कोणी सांगता का?

मेळघाटची_ताई
भाऊ, पहिले त्या आजीचं पाहा, बाकीचं मागून. बायबलातलं प्रकटीकरण 13 तिच्या बाजूले बसून पूर्ण वाचून दाखवा, नुसतं 666 चं वचन नाही, वरचंही. तिथं ती खूण श्वापदाच्या पूजेसंग जोडलेली आहे, 14 व्या अध्यायातही तसंच, पूजा अन् खूण एकाच दमात येते. राशनच्या मशीनवर कोणी कोणाची पूजा नाही करत, फक्त हे कार्ड तुमचंच आहे का ते पाहते. पण हे सभेत माईकवर नका सांगू, तिची लाज जाईन. घरी जाऊन सांगा अन् मग सोबत दुकानात जा.

अन् चार बाया म्हणून नाराज नका होऊ. आमच्याकडं दिवाळी झाली का अर्धी वस्ती कामाले खाली उतरते, होळीलेच परत येते, मोहाच्या दिवसात तर पहाटेच सगळे जंगलात. मी संडे स्कूल घेते, कधी दोनच लेकरं राह्यतात पण घेतेच, कारण परत आलेल्या लेकराले दार बंद दिसलं का ते पुन्हा येत नाही.

निवृत्त_पाळक_अमरावती
प्रिय बंधू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रभूनं स्वतःच दिलेलं आहे. मत्तय 24 मध्ये युद्धं, दुष्काळ, भूकंप सगळं सांगून झाल्यावर तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही असं म्हणतो, आणि मग विश्वासू दासाची गोष्ट काढतो. त्या दासाचं काम काय? घरच्यांना वेळेवर जेवण देणं. धनी येतो तेव्हा तो हेच करताना सापडतो. तारीख ओळखली म्हणून कोणाला शाबासकी मिळालेली नाही.

प्रेषित पौलाच्या काळात थेस्सलनीका शहराच्या मंडळीत हेच झालं होतं. दिवस येऊन ठेपला म्हणून लोक घाबरले, आणि काहींनी कामधंदा सोडला. पौलानं दुसऱ्या पत्रात आधी त्यांची भीती घालवली आणि त्याच पत्रात लिहिलं की ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये. हे पत्र त्या बियाणं न घेतलेल्या घरात वाचा, आणि तुरीचं बी उसनं मिळत असेल तर तेही घेऊन जा. अमेरिकेत 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरून काही शेतकऱ्यांनी पीक शेतातच सोडलं होतं. 2011 साली तिथंच पुन्हा 21 मे जाहीर झाली. दोन्ही वेळा दिवस आला तसाच गेला आणि साध्या विश्वासू लोकांची मनं मोडली, मला त्याचं फार वाईट वाटतं.

थकल्यासारखं वाटतं ना, मग 2 तीमथ्य 4 वाचा. मरण समोर आहे, सोबती देमास सोडून गेलाय, आणि पौल काय मागतो? हिवाळ्याच्या आधी ये, त्रोवसला राहिलेला झगा आण, आणि पुस्तकं आण. शेवट दिसत असताना पुस्तकं मागतोय तो! आपल्या नागपुरात मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 ला आले, शाळा काढली, गावोगाव फिरले, आणि 1863 ला पूर आलेला नाला घोड्यावरून ओलांडताना बुडून गेले. काम चालू असतानाच गेले.

नागपूरचा_तरुण
पाळकसाहेब, पटलं, पण एक बोलतो. तारखा चुकीच्या म्हणून आपण आगमनाबद्दल बोलणंच बंद केलं आहे आणि म्हणूनच लोक त्या व्हिडिओंकडे जातात. दादा, तुम्ही छपरीत मत्तय 24 आणि 25 सलग घ्या ना, घाई न करता, लोकांना प्रश्न विचारू द्या. त्यांना भूक आहे, कोणी नीट वाढतच नाही. त्या वक्त्याचं नाव घेऊन काही बोलू नका, त्यानं मंडळी फुटते.

पराटीवाला_सेवक
सगळ्यायचे मनापासून आभार, रात्री बायकोले वाचून दाखवलं. तरुण भाऊ बरोबर बोलला, मी भांडण नको म्हणून तो विषय टाळूनच राह्यलो होतो. या रविवारपासून मत्तय 24 घेतो, अन् वेचणी आहे तोवर आराधना सकाळच्या ऐवजी संध्याकाळी सातले, म्हणजे बाया कापूस मोजून देऊन येऊ शकतीन. आजीकडं उद्याच जातो, मशीनचं नेट चालू असलं पाह्यजे फक्त. ताई, दोनच लेकरं असले तर तुम्ही काय घेता, गोष्ट का पाठांतर?