पांगदेन म्हणजे तिबेटी मंगळसूत्र? अहो, नाही!

अर्जुनीकर: कालच्या पोस्टमधलं हे वाक्य: "कमरेपुढे ॲप्रनसारखा बांधायचा पट्ट्यापट्ट्यांचा पांगदेन म्हणजे तिबेटी मंगळसूत्रच, लग्न झालेली प्रत्येक तिबेटी बाई तो बांधते." 'प्रत्येक' वाचून राहवलं नाही. ही रीत मुळात मध्य तिबेटातली, ल्हासा-त्सांगकडची. पूर्व तिबेटातल्या आम्दो-खामच्या पशुपालक बायकांच्या कमरेला चांदीचा आकडा लटकतो. दूध काढताना चरवी अडकवायचा आकडाच पुढे नक्षीदार दागिना झाला. डोक्यावरचा दागिना, पाट्रुकसुद्धा ल्हासाला तिकोनी, त्सांगला कमानदार. सगळ्यांना एका दोऱ्यात ओवू नका.

सईची आई: पोस्ट माझीच. थंडीत आमच्याकडे स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी अमालांना (अमाला म्हणजे आई) मी स्वतः विचारलंय. "लग्नानंतर बांधतो," म्हणाल्या. त्यांचं खरं की तुमचं?

अर्जुनीकर: त्यांच्या घरचं खरंच. माझं लहानपण गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीशेजारी गेलं, ती वसाहत १९७२ची. मित्राच्या आईचा पांगदेन तीन पट्ट्या जोडून शिवलेला, आणि रेघा कुठेच जुळत नव्हत्या. मला वाटलं, शिंपी चुकला. तिनं माझं बोट शिवणीवर ठेवून सांगितलं, मुद्दाम जुळवत नाहीत. ती खरखरीत लोकर अजून बोटाला आठवते.

पेरोज: लोकर आता कुठली! सगळं ॲक्रिलिक. मी तर 'जुना झी मणी', म्हणजे डोळ्यांसारखी नक्षी असलेला तिबेटी मणी, म्हणून १८०० रुपये मोजले, महिन्याभरात त्या डोळ्यांचा रंग उडाला. हे लोक फसवतात.

सईची आई: एका दुकानदारावरून 'हे लोक'? टोपीच्या वीस रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारे आपणच ना?

पेरोज: घासाघीस माझा हक्क आहे. माझे पैसे गेलेत, तुमचे नाही.

सईची आई: अमाला पहाटे उठून गठ्ठे उतरवतात, संध्याकाळी पाय सुजलेले असतात. मी पाहिलेत ते पाय. हक्काचं मला सांगू नका.

पेरोज: बरं, 'हे लोक' मागे घेतो. मणी खोटाच होता.

अर्जुनीकर: भांडण पांगदेनचं होतं.

सईची आई: 'प्रत्येक' काढते. लग्नाची खूण मात्र काढणार नाही.

अर्जुनीकर: काढू नका. पुढे 'ल्हासाकडे' एवढं लिहा.