स्फिंक्स मांजरीची त्वचा, तिचे हृदय आणि आमचा पाच आठवड्यांचा प्रवास : मदत हवी आहे

नमस्कार.

गेल्या ऑगस्टपासून आमच्या घरी बकुळा नावाची साडेपाच वर्षांची स्फिंक्स मांजर आहे. आम्ही टोरांटोत राहतो. माझी एक सहकारी कायमची दुसऱ्या देशात गेली, तिथल्या घरात प्राणी ठेवता येणार नव्हते, म्हणून तिने बकुळेला आमच्या स्वाधीन केले. मी साताऱ्याला मांजरांच्या संगतीतच वाढले. पण ती सगळी परसातली मांजरे होती, दूधभात खाऊन चुलीच्या उबेला जाऊन झोपणारी आणि आपले अंग आपणच चाटून स्वच्छ ठेवणारी. अंगावर केसच नसलेल्या मांजरीपुढे माझा तो अनुभव अपुरा पडतो आहे, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

घरी येणारे पाहुणे पहिला प्रश्न हाच विचारतात की हिला काही आजार झाला आहे का. तसे नाही, केस नसणे ही या जातीची जन्मजात खूण आहे, आणि हात फिरवला तर जर्दाळूच्या सालीवर असते तशी बारीक लव बोटांना लागते. नाव इजिप्तची आठवण करून देणारे असले तरी ही जात आमच्या याच शहराशी जोडलेली आहे. १९६६ मध्ये टोरांटोच्या रॉन्सेसव्हॅलिस भागात एका साध्या घरगुती मांजरीला केस नसलेले एक पिल्लू झाले, त्याचे नाव प्रून ठेवले गेले आणि त्याच्यापासून प्रजनन सुरू झाले. पण तो वंश पुढे टिकला नाही. आजच्या स्फिंक्स मांजरी दोन वेगळ्या उगमांपासून आल्या आहेत : १९७५ च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटातील वाडीना गावच्या एका शेतावर जन्मलेली पिल्ले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा टोरांटोतच सापडलेली केस नसलेली भटकी पिल्ले. यांतील काही मांजरे युरोपात हॉलंडला गेली आणि वंश बळकट करण्यासाठी डेव्हन रेक्स या कुरळ्या केसांच्या जातीशी त्यांचा संकर केला गेला. दोन्ही जातींतील केसांचा फरक केआरटी७१ या एकाच जनुकातील निरनिराळ्या बदलांमुळे पडतो.

हा इतिहास मी शोधत बसले त्याला कारण आहे. नोव्हेंबरमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी बकुळेच्या आईवडिलांची माहिती आणि त्यांच्या हृदयाच्या तपासणीचे कागद मागितले, आणि आमच्याकडे त्यांतले काहीच नव्हते. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या जातीत आनुवंशिक दोष घराण्यात उतरत राहतात, हे मला त्या दिवशी नीट समजले.

आता अडचणी सांगते. पहिली त्वचेची. इतर मांजरांच्या कातडीतून पाझरणारे तेल केसांवर पसरते. हिच्या अंगावर केसच नसल्यामुळे ते कातडीवरच साचते. माझ्या आईने शिवलेली एक गोधडी बकुळेने पहिल्या आठवड्यातच आपली करून टाकली, आणि आता तिच्या मध्यभागी अंग मुडपून झोपलेल्या मांजरीच्या आकाराचा फिकट तपकिरी डाग पडला आहे. मानेच्या घड्या, काखा, पायाच्या बोटांमधल्या बेचक्या आणि नखांची मुळे येथे काळपट मेणचट थर जमतो. कानांत केस नसल्याने तपकिरी मळही लवकर साठतो. सप्टेंबरमध्ये आम्ही एका दवाखान्यात गेलो तेव्हा, कातडीचा नमुना न तपासताच, आठवड्यातून दोनदा शांपूने अंघोळ घाला असे सांगण्यात आले. तसे केल्यावर तीन आठवड्यांत पाठीची कातडी कोरडी पडून कोंडा सुटू लागला आणि काखेतला तेलकटपणा मात्र होता तसाच राहिला. सध्या दर दहा दिवसांनी कोमट पाण्याने न्हाऊ घालते, पंचाने टिपून लगेच गरम केलेल्या टॉवेलात गुंडाळते आणि नखांची मुळे ओल्या कापसाने पुसते. सासूबाईंनी मायेपोटी थोडे खोबरेल लावून पाहा असे सुचवले. परंतु मांजर अंगावरचे सगळे चाटून पोटात घेते म्हणून मी ते लावले नाही. टी ट्री तेल मांजरांना विषारी असते, तेव्हा ते कोणी सुचवू नये ही विनंती.

हिवाळ्यात घरातील हीटरमुळे हवा फार कोरडी होते. अशा दिवसांत आपण अंघोळीचे अंतर वाढवता का? दोन अंघोळींच्या मधे फक्त घड्या पुसून भागते का? आणि काखेतला तपकिरी थर धुतल्यावर दोनच दिवसांत परत येत असेल तर तो मॅलॅसेझिया या बुरशीचा असण्याचा संभव किती? स्फिंक्स आणि डेव्हन रेक्स यांच्या कातडीवर ही बुरशी जास्त आढळते असे मी वाचले आहे. सध्याच्या डॉक्टरांकडे नमुना तपासायचा आग्रह धरावा असे मला वाटते.

दुसरी गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. त्याच वार्षिक तपासणीत बकुळेच्या हृदयात हलका मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधला जादा आवाज, ऐकू आला. या जातीत हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाण्याचा विकार, बराच आढळतो. मर्मर असून हृदय निरोगी असू शकते आणि मर्मर नसतानाही विकार असू शकतो, म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करूनच निदान होते असे डॉक्टरांनी समजावले. विकार वाढला तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मागच्या पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकू शकते आणि मांजरीचे पाय एकाएकी लुळे पडतात, हे ऐकल्यापासून ती खिडकीवरून उडी मारून खाली आली की माझे लक्ष तिच्या मागच्या पायांकडेच जाते. इको करायचा हे ठरले आहे, १८ डिसेंबरची वेळ मिळाली आहे. विचारायचे आहे ते असे की आपल्या मांजरीचा इको भूल न देता झाला का, आणि पहिला इको चांगला आला तर पुढचा किती दिवसांनी करून घेतला?

तिसरा प्रश्न याच्याशीच बांधलेला आहे. जानेवारीत सासऱ्यांचे सहस्रचंद्रदर्शन आहे आणि आम्हाला पाच आठवड्यांसाठी साताऱ्याला जावे लागणार आहे. बकुळेला एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला नेणे मला मान्य नाही. पण ही जात माणसाला फार धरून राहते. मी स्वयंपाक करताना ती खांद्यावर चढून बसते, कोणी अंघोळीला गेले तर दाराशी ओरडत थांबते, आणि रात्री पांघरुणात शिरून माझ्या पोटाशी गरम पाण्याच्या पिशवीसारखी पडून राहते. एखाद्या बोर्डिंगमध्ये, पिंजऱ्याच्या खोलीत, माणसाच्या उबेशिवाय ती पाच आठवडे कशी काढेल? अंगावर केस नसल्याने उष्णता लवकर निघून जाते, त्यामुळे तिला खाणेही इतर मांजरांपेक्षा जास्त लागते, आणि मन लागले नाही तर ती खाणे सोडील अशी मला धास्ती आहे. मांजरीने दोनतीन दिवस अन्न सोडले तरी यकृतावर परिणाम होऊ शकतो.

एक मैत्रीण तिला आपल्या घरी ठेवायला तयार आहे. तिच्याकडे दहा वर्षांची शांत स्वभावाची मुलगी आहे, दुसरा प्राणी नाही. जाण्याआधी दोन शनिवार-रविवार बकुळेला गोधडीसकट तिथे ठेवून पाहायचा विचार आहे. याहून चांगली काही रीत कोणी वापरली असेल तर कृपया कळवावे. मैत्रिणीने आमच्याच घरी येऊन राहावे का, असाही एक विचार मनात आहे. जागा ओळखीची राहील, पण माणसे नवी असतील. ज्यांनी हृदयाचा त्रास असलेली मांजर दुसऱ्याकडे सोपवली आहे, त्यांनी त्या व्यक्तीला काय काय लिहून दिले होते हेही सांगावे. झोपेतले श्वास मिनिटाला ३० च्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांना फोन करायचा, एवढे मी लिहून ठेवले आहे. श्वास मोजण्याची रीत मैत्रिणीच्या मुलीला शिकवली. परवा तिने बकुळेच्या छातीकडे टक लावून तीनदा मोजले आणि वहीत २४, २६, २४ असे आकडे लिहून मला दाखवले.