इंटरफेससाठी ‘देवडी’ चालेल का?

प्रश्न: सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. प्रोग्रॅमचा एक भाग (कंपोनंट) दुसऱ्याकडून आज्ञा आणि डेटा ज्या जागी घेतो, तिला काय म्हणावं? ‘आंतरपृष्ठ’, ‘संवादपटल’ हे शब्द वाचले, पण समाधान झालं नाही.

— पटल म्हटलं की पडदा आणि बटणं डोळ्यांपुढे येतात. माणसासमोरच्या स्क्रीनला तो शब्द शोभेल. इथे बघणारं कुणी नाही. आत काय घ्यायचं, कुणाकडून आणि कोणत्या रूपात, एवढाच प्रश्न आहे. त्यासाठी मला ‘देवडी’ फार जवळचा वाटतो. वाड्याच्या दरवाजातून आत शिरलं की बाजूला पहारेकऱ्यांची बसायची जागा, ती देवडी. आलेल्याची चौकशी तिथेच व्हायची, थेट माजघरात कुणी जात नसे.

— देवडी पटली. मात्र हुकूम कुठला नि सामान कुठलं, हे तिथेच ठरलं पाहिजे. फाइली पाठवायच्या एफटीपी या पद्धतीत आज्ञा पोर्ट २१वर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, येतात, फाइलींसाठी वेगळं कनेक्शन उघडतं. ईमेल पोचवणाऱ्या १९८२च्या एसएमटीपीत दोन्ही एकाच वाटेनं येतात. ‘डेटा’ ही आज्ञा दिली की पुढचं सगळं पत्र. नुसत्या टिंबाची ओळ आली की पत्र संपलं. मग पत्रातच कुणी तशी ओळ लिहिली तर? म्हणून टिंबानं सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीला पाठवणारा आणखी एक टिंब लावतो आणि घेणारा ते काढून टाकतो. ही काळजी जिथे घेतलेली नसते तिथे आलेला मजकूरच हुकूम सोडू लागतो. डेटाबेसला आज्ञा द्यायच्या एसक्यूएल भाषेतला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ हा हल्ला तो हाच.

— ‘आज्ञा’च ठेवा, ‘आदेश’ला सरकारी कागदाचा वास येतो. शिवाय प्रोग्रॅमला ‘आज्ञावली’ रुळलेला आहे. नावं देताना मराठी व्याकरण छान कामाला येतं: काही बदलायचं असेल तर आज्ञार्थ, ‘रक्कम काढ’, नुसतं विचारायचं असेल तर नाम, ‘शिल्लक’. आयफेल भाषा रचणाऱ्या बर्ट्रांड मेयर यांनी हाच भेद धरून ठेवला. शिल्लक विचारल्यानं शिल्लक बदलता कामा नये.

— डेटाला ‘विदा’ का नाही?

— सामान्यरूपाशी अडतं. ‘घोडा, घोड्यात’ तसं ‘विदा, विद्यात’, आणि वाचणाऱ्याला ‘विद्या’ दिसते. मी ‘डेटा’च लिहितो.

— आभारी आहे. शेवटचं एक: आज्ञा ‘देवडीत’ येते की ‘देवडीवर’?

— देवडीवर. नाक्यावर, चौकीवर म्हणतो तसंच.