मदत हवी आहे: कला महोत्सवात लोकांनी नुसतं बघून जाऊ नये, हाताने काही करावं, यासाठी मांडणी कशी करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही एकाच परिसरात राहणारे पंधरा-सोळा जण मिळून दरवर्षी दोन दिवसांचा कला महोत्सव करतो. यंदाचं चौथं वर्ष. शाळेचं पटांगण मिळतं. एका टोकाला गाण्यानाचाचा मुख्य मंच असतो, मधे चित्रांचं प्रदर्शन आणि दुसऱ्या टोकाला 'करून बघा' कोपरे: ठसेकाम, मातीकाम, कागदाच्या बाहुल्या. परवानग्या, प्रथमोपचार, हरवलेल्या मुलांसाठीचं टेबल, वीज, स्वच्छता या सगळ्याची घडी आता बसली आहे, त्याबद्दल विचारत नाही. अडचण वेगळी आहे आणि ती वर्षभर माझ्या मनातून जात नाहीये.

गेल्या वर्षी ठसेकामाच्या टेबलाशी मी स्वतः उभी होते. सात-आठ वर्षांची एक मुलगी आली. शिकवणाऱ्या ताईंनी तिला तिचं नाव उलटं लिहायला लावलं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटेल. तिने ओठ घट्ट मिटून एकेक अक्षर आरशात बघितल्यासारखं काढलं. मग काचेवर शाई घेतली आणि रोलर फिरवायला सुरुवात केली. ताई तिला म्हणाल्या, "डोळ्यांनी बघू नकोस, कानांनी ऐक. शाई जाड असली तर रोलर चिकट, चपचप आवाज करतो. थर पातळ आणि सारखा झाला की चर्र असा बारीक आवाज येतो." मुलगी खाली वाकली, कान रोलरजवळ नेला. नेमका त्याच वेळी मंचावर साउंडचेक सुरू झाला आणि रोलरचा आवाज कुणालाच ऐकू येईना. मागे तीस-पस्तीस जणांची रांग होती. मीच तिला म्हणाले, "लवकर आटप बाळा, मागे लोक थांबलेत." तिने घाईने कागद ओढला आणि नाव फरफटलं. दुसऱ्यांदा करायला मिळणार नाही हे तिने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. कागदाची घडी घालून ती निघून गेली.

रात्री आढावा घेताना सगळे खूश होते. गर्दी आदल्या वर्षीपेक्षा वाढली होती, फोटो छान आले होते. मी ही गोष्ट सांगितली तर 'एवढ्या गर्दीत असं व्हायचंच' म्हणून विषय संपला. मला मात्र वाटतं की ज्यासाठी आपण हा खटाटोप करतो, नेमकं तेच त्या टेबलावर वाया गेलं.

फ्रान्समधला संगीताचा उत्सव, फेत द ला म्युझिक, मला नेहमी आठवतो. 1982 च्या सुमाराला तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या पाहणीत दिसलं की देशात पन्नास लाख लोकांना, तरुणांतल्या दर दोघांपैकी एकाला, कुठलं ना कुठलं वाद्य वाजवता येतं. मंत्रालयात संगीत विभाग सांभाळणाऱ्या मोरिस फ्लरे यांना प्रश्न पडला की मग हे सगळे वाजवणारे आहेत कुठे? मैफलींच्या सभागृहांत तर ते दिसत नाहीत. मंत्री जॅक लांग यांनी कल्पना उचलून धरली आणि 21 जून 1982 रोजी लोकांना सांगितलं गेलं की वाद्यं घेऊन रस्त्यावर या. आज शंभरहून अधिक देशांत हा दिवस साजरा होतो. 'किती लोक ऐकायला आले' याऐवजी 'किती लोकांना वाजवता येतं' इथून त्यांनी सुरुवात केली, हेच मला फार मोलाचं वाटतं.

तर माझे प्रश्न. मंच आणि करून बघण्याचे कोपरे एकाच पटांगणात असताना आवाजाचं काय करायचं? मंच बंद करायचा नाहीये, तिथे परिसरातलीच मुलं नाचतात, गातात. रांग आणि वेळ यांचा मेळ कसा घालायचा? पाऊस आला तर ओल्या कागदांचं काय? आणि कलाकारांच्या मानधनाबद्दल आमच्यात दोन तट आहेत, त्यावरही मत हवं आहे. ज्यांनी असं काही प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं साउंडचं काम करतो, म्हणून फक्त आवाजाबद्दल लिहितो.

उघड्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 5 मीटरवर 95 असेल तर 10 वर 89, 20 वर 83, 40 वर 77. दोन माणसं समोरासमोर साधं बोलतात ते 60 च्या आसपास. तेव्हा नुसतं 'टेबलं लांब ठेवू' म्हणून शाळेच्या पटांगणात भागणार नाही. शाळेच्या भिंतीवरून आवाज परत येतो तो वेगळाच.

करायचं ते असं. मंचाच्या दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर उभे करून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकला जातो, तो प्रकार बंद करा. चार किंवा सहा छोटे स्पीकर प्रेक्षकांच्या जवळ, थोडे उंचावर, तोंड खाली करून लावा. प्रत्येकाला थोडाच आवाज द्यावा लागतो आणि तो प्रेक्षकांतच राहतो. मधल्या रांगेतल्या स्पीकरना डिले द्यायला सांगा, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सुटेल. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 17 मीटरवरच्या स्पीकरला 50 मिलिसेकंद. तो नाही दिला तर मागच्यांना शब्द दोनदा ऐकू येतात, मग ते 'आवाज वाढवा' म्हणून ओरडतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मंचाची पाठ तुमच्या कोपऱ्यांकडे करा. पण एक लक्षात ठेवा, बास पाठीमागेही तितकाच जातो, त्याला दिशा नसते. सबवूफर, म्हणजे फक्त बासचे मोठे स्पीकर, भाड्याने आणूच नका. लहान मुलांच्या नाचाला त्याची गरज नाही.

साउंडचेक लोक यायच्या आत संपवायचा हे साउंडवाल्याला आधीच बजावून ठेवा. गेल्या वर्षी तुमचा खरा घात तिथे झाला. आणि मुलांच्या कानांचाही विचार करा. 85 डेसिबल आठ तास हा कामगारांसाठी सुरक्षित म्हणून धरलेला हिशेब आहे, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. तुमची स्वयंसेवक मुलं दिवसभर स्पीकरखाली उभी असतात, त्यांना पाळ्या लावून द्या.

प्रतिसाद २

मी शाळेत चित्रकला शिकवते. त्या मुलीचं वाचून गलबलून आलं. ही चूक माझ्याही हातून झालेली आहे, म्हणून कळकळीने लिहिते.

आधी गणित मांडा. एका ठशाला उलटं लिहिणं, शाई, दाब, सोलणं असं धरून वीस मिनिटं लागतात. टेबलाला सहा जागा असतील तर तासाला अठरा जण. पाच तासांत नव्वद. तुमच्याकडे शाई कितीही असो, स्वयंसेवक कितीही असोत, एका टेबलावर नव्वदच होणार. दोनशे जणांना करायला मिळेल असं मनात धरलं की 'लवकर आटप' तोंडातून निघतंच. म्हणून रांग लावूच नका. वेळेचे टोकन द्या: अकरा, अकरा वीस, अकरा चाळीस. टोकन हातात आलं की माणूस निवांत प्रदर्शन बघतो, मंचाकडे जातो आणि वेळेवर परत येतो. टोकन संपले की संपले, तसं हसून सांगायचं. उरलेल्यांसाठी शेजारी एक लांब, उभ्याने करायचं टेबल ठेवा, जिथे दोन-तीन मिनिटांचं काम आहे, उदाहरणार्थ मोठ्या कागदाच्या गुंडाळीवर कोळशाने रेघा ओढणं. त्यालाही कमी लेखू नका, मोठी माणसं तिथेच मोकळी होतात. त्यांना 'मला चित्र येत नाही' म्हणायची सवय झालेली असते, उभ्याउभ्या ती सुटते.

लहानांना लिनोलियम (ठशांसाठी कोरायची रबरासारखी जाड शीट) कोरायला देऊ नका, हत्यार निसटतं. पातळ फोमच्या शीटवर बोथट पेन्सिलीने दाबून रेघ काढली की ती खोल जाते आणि ठशात पांढरी उमटते. पाण्यात विरघळणारी शाई घ्या. ती अर्ध्या तासात हाताला लागेनाशी होते, तेलाच्या शाईला दिवस जातो. तासाला अठरा ठसे आणि अर्धा तास वाळवण म्हणजे एका वेळी दोरीवर सरासरी नऊच कागद. तीन मीटर दोरी पुरते. लोक उगाच पटांगणभर दोऱ्या बांधतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं. प्रत्येकाला दोन ठसे काढू द्या. पहिला जवळजवळ नेहमी बिघडतो, शाई कमी-जास्त होते, कागद हलतो. दुसऱ्या वेळी हाताला कळलेलं असतं. वीस मिनिटांत दोन बसतात, कारण लिहायचं एकदाच असतं. मग दोरी सहा मीटर लागेल, एवढंच.

प्रतिसाद ३

मानधनाबद्दल. 'नाव होईल' हे मानधन नव्हे. मांडववाला, साउंडवाला, जनरेटरवाला यांना आपण पैसे देतो आणि शिकवणाऱ्या कलाकारापाशी आलो की अचानक सगळी सेवा होते. निधी कमी असेल तर कलाकार कमी बोलवा, पण जे येतील त्यांना साहित्य तुमचं आणि दिवसाचे पैसे ठरलेले, असं आधी लेखी द्या.

दुसरा तट बहुधा म्हणत असेल की खुलं आवाहन करू, ज्याला यायचं तो येईल. स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या फ्रिंज या खुल्या नाट्यमहोत्सवाचं उदाहरण दिलं जातं. 1947 मध्ये तिथे मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्या आपण होऊन आल्या आणि त्यातून फ्रिंज उभी राहिली. 1958 मध्ये संस्था झाली, तेव्हाही निवड समिती नको हे तत्त्व कायम ठेवलं. सुंदर तत्त्व आहे, मला मनापासून आवडतं. पण तिथे नाटक घेऊन जाणारे बहुतेक जण जागेचं भाडं, राहणं, प्रचार सगळं पदरचं घालतात, हेही सांगायला हवं. म्हणजे दार सगळ्यांना उघडं, पण परवडेल तोच आत. तुमच्या छोट्या महोत्सवात मंच खुला ठेवा, शिकवणाऱ्यांना मात्र बोलावून, पैसे देऊनच आणा.

आणि सोप्या वाटेचाही विचार करा. टेबलं पायऱ्यांवर असतील तर चाकाच्या खुर्चीतला माणूस तिथवर पोचत नाही. उताराला 1:12 हे प्रमाण धरा, 30 सेंटिमीटर चढायला 3.6 मीटर लांबी. फळी टाकून भागत नाही.

प्रतिसाद ४

पावसाबद्दल: कागदाचे कोपरे वर्गांत न्या, मंच बाहेर. आवाजाचाही प्रश्न अर्धा तिथेच सुटेल. आणि पावसाने सगळंच बुडालं तर फ्रान्समधल्या लियाँ शहराचं आठवा. 8 डिसेंबर 1852 ला तिथे टेकडीवरच्या मेरीच्या पुतळ्याच्या अनावरणाचा सोहळा होता. आधी सप्टेंबरमध्ये व्हायचा होता, नदीच्या पुरामुळे पुढे ढकललेला. त्या दिवशीही वादळ आलं, रोषणाई रद्द होण्याच्या बेतात होती. तेव्हा लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या आणि सारं शहर उजळलं. तोच दिव्यांचा उत्सव आजवर चालू आहे. घरी करता येईल असं काहीतरी हाताशी ठेवा, कागद आणि फोमची पाकिटं तयार करून ठेवली तरी पुरे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठकीत हा धागा मोठ्याने वाचून दाखवला.

ठरलं ते असं: ठसेकाम आणि बाहुल्या वर्गांत, मातीकाम व्हरांड्यात, तिथे उतार आहे. मंचाची पाठ वर्गांकडे. साउंडवाल्यांशी बोलले, छोट्या स्पीकरना ते लगेच तयार झाले. त्यांचं म्हणणं, "कुणी मागत नाही म्हणून आम्ही मोठे आणतो." साउंडचेक सकाळी नऊपर्यंत संपेल. शिवाय दुपारी तीन ते चार मंचावर माइक अजिबात नाही, फक्त तोंडाने गाणं आणि हाताने वाजवायची वाद्यं. यावर बरीच वादावादी झाली. शेवटी नाच बसवणारे दादाच म्हणाले की मुलांना तेवढी विश्रांती हवीच असते.

टोकनला विरोध झाला, कारण 'गर्दी दिसणार नाही'. मी नव्वदाचं गणित फळ्यावर मांडलं. मग यंदा अहवालात आलेल्यांच्या आकड्याच्या वर आणखी एक आकडा लिहायचा असं ठरलं: किती जणांनी काहीतरी करून घरी नेलं. मानधनाचा वाद अजून मिटलेला नाही, पण कलाकार कमी बोलवायचे यावर एकमत झालं आहे.

ती मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहते हे कळलं. तिच्या आईला भेटून अकराचं पहिलं टोकन देऊन आले. मुलगी दाराआडून बघत होती. तिने एवढंच विचारलं, "त्या ताई येणार का?" येणार आहेत.

आता एक अडलेलं. दोन ठशांपैकी एक घरी आणि एक व्हरांड्याच्या भिंतीवर, असं करायचं आहे. भिंत दगडी, खडबडीत आहे, चिकटपट्टी टिकत नाही आणि खिळे ठोकायला शाळेची परवानगी नाही. खांबाखांबांत दोरी बांधली तर वाऱ्याने कागद गुंडाळले जातात. दोन दिवस दीडशे-पावणेदोनशे कागद सपाट आणि लहान मुलांच्या नजरेच्या उंचीवर राहतील असं काय वापरता येईल? कुणी केलं असेल तर सांगा.