सिंकची गुडगुड आणि हवेचा पाइप
"बॉटल ट्रॅप बसवला की झालं, हवेचा पाइप कशाला" असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते अर्धंच पटतं. ट्रॅप म्हणजे सिंकखालचा, थोडं पाणी धरून ठेवणारा भाग; त्या पाण्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. सिंकचा पाइप भिंतीपलीकडे लगेच गल्ली ट्रॅपमध्ये (घराबाहेरच्या सांडपाण्याच्या जाळीवाल्या खड्ड्यात) पडत असेल तर खरंच नाही लागत. आम्ही जळगावच्या घरी ओटा खिडकीखालून समोरच्या भिंतीला नेला आणि दीड इंची पाइप 12 फूट लांबवून थेट ड्रेनेजच्या उभ्या पाइपाला जोडला. शेवभाजीचं पातेलं धुऊन पाणी सोडलं की शेवटी गुडगुड, आणि थोड्या वेळात वास. जाणाऱ्या पाण्यामागे हवा शिरायला वाट नसली की ते ट्रॅपमधलं दोनेक इंच पाणीच ओढून नेतं. प्लंबरने ट्रॅप दोनदा बदलला (पैसे दोनदा, हे वेगळं सांगायला नको).

शेवटी ट्रॅपच्या पुढे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून हवेचा पाइप गच्चीवर काढला, वर जाळीची टोपी. तो सिंकच्या काठाच्या वर जाईपर्यंत आडवा वळवू नका, नाहीतर तुंबल्यावर खरकटं पाणी त्यात शिरतं. आणि अख्खा मे महिना घर बंद ठेवलंत तर आमच्याकडच्या उन्हात ट्रॅप तसाही सुकतो, तिथे हवेच्या पाइपाचा उपयोग नाही. आल्यावर तांब्याभर पाणी ओतायचं.