रुईवरची अळी शीर कुरतडते, पण तिथे खात नाही. का?

पानगळ: कंपाउंडलगतच्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या आहेत. काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. मोठी अळी देठाजवळ मधली शीर कुरतडते, पान लुळं पडतं, मग टोकाकडे जाऊन खाते. डब्यात तोडलेलं पान दिलं तर मात्र सरळ खायला लागते. असं का?

रानमेवा: चिकामुळे. रुईचा चीक शिरांमध्ये दाबाखाली असतो. हवेवर तो घट्ट होतो आणि अळीचे जबडे चिकटतात. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी तर त्यात अडकून मरतेसुद्धा. म्हणून आधी शीर तोडून चीक तिथेच गळू द्यायचा, मग पुढचं पान खायचं. बारकी अळी मधल्या शिरेच्या वाटेला जात नाही. ती पानाच्या खालच्या अंगाला गोल चर कोरते आणि त्या गोलातलंच खाते. लहान गोल भोकं दिसली की पान न तोडता खालून भिंग लावा.
डब्यातल्या पानातला चीक देठातून आधीच गेलेला असतो. मग ती कशाला राबेल! हे बघायचं तर झाडावरच.
पडताळून बघायचं असेल तर लुळ्या पानाचं आणि शेजारच्या धडक्या पानाचं टोक कात्रीने सेंटीमीटरभर कापा. थेंबांतला फरक लगेच दिसतो. चष्मा घाला, हात साबणाने धुवा. रुईचा चीक डोळ्यात जाणं ही गंमत नाही.

पानगळ: धन्यवाद. एक अळी कालपासून जागची हललेली नाही. आजारी?

चतुर: डोक्यामागे फुगवटा दिसतो का? असेल तर कात टाकायची तयारी. तिने पायाखाली रेशमाची गादी विणून पाय रोवलेले असतात. उचललीत तर पकड सुटते आणि कात अर्धवट अडकते. पान हलवायचंच झालं तर अळीसकट कापा. नंतर ती कात खाऊन टाकते, डोक्याचं टरफल मात्र गळून पडतं. ते तारीख घालून काडेपेटीत ठेवा. अळीच्या पाच अवस्था असतात, टरफलांच्या आकारावरून कितवी ते कळतं.
अंग मऊ पडून काळवंडलं असेल तर रोग समजा, ती अळी वेगळी काढा. कोषातून पांढरे चिकट धागे लोंबत असतील तर टॅकिनिड माशीच्या अळ्या आतून खाऊन खाली उतरल्या, फुलपाखरू निघणार नाही.