बंदिवासातील प्राण्यांना रानात सोडण्याआधी रानातले सूक्ष्मजीव द्यावेत का?

रानवाट:
बंदिवासात वाढलेला प्राणी रानात सोडताना त्याचे वजन, रक्त आणि चारा शोधण्याची क्षमता तपासली जाते; मात्र तो चारा ज्यांच्या बळावर पचायचा, ते आतड्यातले सूक्ष्मजीव त्याच्याजवळ उरले आहेत की नाहीत, याकडे फारसे लक्ष जात नाही. निदान पाला खाणाऱ्या प्राण्यांना तरी, रानातल्या त्यांच्याच जातभाईंच्या विष्ठेतून हे सूक्ष्मजीव आधी दिले जावेत, असे माझे ठाम मत आहे.

मोहावी वाळवंटातले वुडरॅट नावाचे उंदीर क्रिओसोट या झुडपाची विषारी राळ असलेली पाने खाऊन जगतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रतिजैविके देऊन त्यांचे जिवाणू विस्कळीत केले, तेव्हा त्याच उंदरांना तो आहार झेपेना आणि त्यांचे वजन घटले. उलट, ज्यांनी क्रिओसोट कधी चाखलेही नव्हते अशा उंदरांना या सरावलेल्या उंदरांचे सूक्ष्मजीव दिल्यावर ते हे विष पूर्वीपेक्षा जास्त खाऊ शकले. प्राणी तोच राहिला, पोटातले सोबती तेवढे बदलले.

कोआलाची मादी तर हे काम स्वतःच करते. पिल्लू दुधावरून निलगिरीच्या पानांकडे वळू लागते, तेव्हा ती त्याला ‘पॅप’ नावाची खास मऊ विष्ठा खायला देते आणि त्यातून पाने पचवणारे जिवाणू त्याच्याकडे येतात. आईविना वाढवलेल्या पिल्लाला आपण दूध देतो, ऊब देतो, मग हे का देऊ नये?

चिकित्सक:
उदाहरण आपण कोआलाचेच दिले आहे, म्हणून उत्तरही त्याच्यावरूनच देतो. कोआलांना आंधळे आणि वंध्य करणारा क्लॅमिडिया हा आजार आईकडून पिल्लाला याच पॅपमधून मिळू शकतो. विष्ठेतून हवे तेवढेच जिवाणू वेचून घेता येत नाहीत. त्यांच्यासोबत जंत, विषाणू आणि इतर रोगजंतूही येतात. संख्येने आधीच रोडावलेल्या जातीच्या निरोगी प्राण्यांमध्ये आपल्याच हाताने रोग सोडण्याची जोखीम मला मोठी वाटते.

दुसरे असे की, कारण आणि परिणाम यांची येथे गल्लत होत आहे. डूक लंगूर आणि हाउलर माकडे यांच्यावरील 2016 च्या अभ्यासात, बंदिवासातल्या माकडांच्या आतड्यातले जिवाणू माणसाच्या जिवाणूंसारखे होत गेल्याचे दिसले, आणि त्यामागे आहारातले तंतुमय पदार्थ घटणे हे एक प्रमुख कारण मानले गेले. तसे असेल तर आधी पिंजऱ्यातला आहार सुधारावा. रानातला पाला मिळू लागला की त्यावर जगणारे जिवाणूही वाढतील.

सुमेधा:
चिकित्सक यांचे शेवटचे वाक्य मला पटत नाही. नाहीसे झालेले जिवाणू नुसत्या पाल्याने परत येतातच असे नाही. 2016 मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, माणसाचे सूक्ष्मजीव दिलेल्या उंदरांना काही पिढ्या कमी तंतूंच्या आहारावर ठेवले, तेव्हा प्रत्येक पिढीत जिवाणूंचे काही प्रकार गळत गेले. पुन्हा भरपूर तंतू देऊनही ते परतले नाहीत; हरवलेले जिवाणू बाहेरून दिले तेव्हाच विविधता भरून निघाली. बंदिवासात पिढ्यान्‌पिढ्या पैदास झालेल्या प्राण्यांबाबत मला हीच भीती वाटते, कारण त्यांच्या आईकडेच द्यायला काही उरलेले नसेल.

क्लॅमिडियाचा मुद्दा खरा आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. तो आजार बरा करायला दिलेली प्रतिजैविके टॅनिन (निलगिरीच्या पानांतले पचायला अवघड द्रव्य) फोडणाऱ्या जिवाणूंनाही मारू शकतात, आणि उपचार घेतलेले काही कोआला त्यानंतर पाने पचवता न आल्याने दगावतात. तिथे काहीच न करणे ही सुद्धा जोखीमच आहे.

चिकित्सक:
आजारी प्राण्यावरील उपचार म्हणून, तपासलेल्या दात्याकडून, हे मी मान्य करतो. सरसकट नियम म्हणून मात्र नाही. पांडा बांबूवर जगतो, तरी त्याच्या आतड्यातले जिवाणू बरेचसे मांसाहारी प्राण्यांसारखे आहेत. अनेक सुरवंटांमध्ये तर कायम वस्तीला असणारे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यामुळे प्रत्येक जातीचा विचार वेगळा करावा लागेल.

रानवाट:
सरसकट नियम मलाही नको, म्हणूनच मी पाला खाणाऱ्यांपुरते बोललो. ऑस्ट्रेलियातल्या केप ऑटवे येथे 2013 मध्ये मॅना गम या निलगिरीच्या जातीची झाडे ओरबाडली गेल्यावर कोआला मोठ्या संख्येने उपाशी मेले, जवळच मेसमेट ही दुसऱ्या जातीची निलगिरी उभी असताना. पुढे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मॅना गम खाणाऱ्या कोआलांना मेसमेट खाणाऱ्यांच्या विष्ठेच्या कॅप्सूल दिल्या, आणि ज्यांचे जिवाणू जास्त बदलले त्यांनी मेसमेटही जास्त खाल्ले.

चिकित्सक:
तो प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो, पण त्यातले कोआला पिंजऱ्यात होते आणि मोजले गेले ते खाल्लेल्या पाल्याचे प्रमाण. माझे मत बदलायचे असेल, तर सोडलेल्या प्राण्यांचे वर्षभरानंतरचे वजन आणि त्यांना झालेली पिल्ले यांच्या नोंदी मला पाहायच्या आहेत.